अनोळखी स्त्रीचा चेहरा आणि ॲना कॅरेनिना

इव्हान क्राम्स्कोय या रशियन चित्रकाराने १८८३ साली रंगवलेल्या एका स्त्रीचित्राला वाचकांनी ॲना कॅरेनिना हे नाव बहाल केले आहे. चित्रकाराने ते दिलेले नव्हते. त्याने चित्राला ‘अनोळखी स्त्री’ एवढेच म्हटले. त्यासाठी कोण स्त्री समोर बसली होती हे सांगितले नाही, आणि आजवर ते निश्चित झालेले नाही. तरीही टॉलस्टॉयच्या कादंबरीच्या इंग्रजीसह अनेक भाषांतील आवृत्त्यांच्या मुखपृष्ठांवर हाच चेहरा येत राहिला, आणि पहिले पान उलटण्यापूर्वीच वाचकाच्या मनात नायिकेचे रूप ठरून जाऊ लागले. साहित्यातील व्यक्तिरेखेला चित्रकलेने चेहरा द्यावा यात नवल नाही. येथे मात्र चेहरा स्वतंत्रपणे उभा होता आणि व्यक्तिरेखा वाचकांनी त्यावर आरोपित केली. हा आरोप कितपत सार्थ आहे आणि त्यामुळे ॲनाच्या वाचनाचे काय होते, हे तपासण्याजोगे आहे. कारण ॲनाचा चेहरा कोण पाहतो आणि कसा पाहतो, हा खुद्द कादंबरीचाच एक विषय आहे.

चित्र आकाराने फार मोठे नाही. रुंदी सुमारे एक मीटर, उंची पाऊण मीटर. पीटर्सबर्गच्या नेव्हस्की राजमार्गावर, अनिच्कोव्ह पुलाजवळ, एका उघड्या बग्गीत एक तरुण स्त्री बसली आहे. मागच्या इमारती गुलाबी-करड्या धुक्यात विरघळत चालल्या आहेत आणि त्या धूसरतेवर स्त्रीची गडद आकृती कापून काढल्यासारखी ठसठशीत उभी आहे. फरची किनार आणि निळ्या साटिनच्या फिती असलेला कोट, शहामृगाच्या पांढऱ्या पिसांची टोपी, तलम चामड्याचे हातमोजे, मनगटावर सोन्याचे कंकण: सारे त्या वर्षांतल्या अगदी ताज्या पद्धतीचे. बग्गीच्या बैठकीचे गुंड्या ठोकलेले चामडेसुद्धा क्राम्स्कोयने कपड्याइतक्याच निष्ठेने रंगवले आहे. स्त्री पाहणाऱ्याकडे पाहते; पण ती उंचावर बसली आहे आणि पाहणारा रस्त्यावर उभा आहे. तिच्या पापण्या अर्ध्या मिटल्या आहेत. या नजरेचा उतार हाच चित्राचा खरा आशय आहे.

१८८३ च्या फिरत्या प्रदर्शनात चित्र लागले तेव्हा प्रेक्षकांना पहिला प्रश्न पडला तो ही कोण आहे हाच. एकटीने, उघड्या बग्गीत, इतक्या नव्या फॅशनमध्ये भर राजमार्गावर मिरवणारी स्त्री प्रतिष्ठित घराण्यातली असणे त्या काळच्या संकेतांत बसत नव्हते. समीक्षक व्लादीमिर स्तासॉव्ह हा क्राम्स्कोयच्या पक्षाचा माणूस. पण त्यानेही तिची गणना श्रीमंतांच्या आश्रयावर जगणाऱ्या गणिकांतच केली. रशियन चित्रांचा मोठा संग्राहक पाव्हेल त्रेत्याकोव्ह याने क्राम्स्कोयची अनेक चित्रे घेतली होती. हे मात्र घेतले नाही. ते साखरसम्राट खारितोनेन्को याच्या संग्रहात गेले आणि क्रांतीनंतर तो संग्रह सरकारजमा झाल्यावर १९२५ साली त्रेत्याकोव्ह चित्रसंग्रहालयात आले. आज त्या संग्रहालयातील सर्वांत लोकप्रिय चित्रांपैकी ते एक आहे. ज्याने ते नाकारले त्याच्याच नावाच्या वास्तूत ते मानाने टांगलेले असावे, ही या चित्राच्या चरित्रातली एक लहानशी गंमत.

स्तासॉव्हने जिला गणिका ठरवले तिलाच पुढच्या वाचकांनी ॲना ठरवले. वरकरणी हा गौरव वाटतो. एका निंद्य नावाच्या जागी विश्वसाहित्यातल्या एका महान शोकात्म नायिकेचे नाव आले. परंतु दोन्ही नावांमागची पाहण्याची रीत एकच असावी असा संशय येतो. त्याचा उलगडा पुढे होईल.

चित्रकार आणि कादंबरीकार यांचा संबंध मात्र खरा आहे. १८७३ च्या शरदात क्राम्स्कोय यास्नाया पोल्यानाजवळ मुक्कामाला होता. टॉलस्टॉयने व्यक्तिचित्रासाठी बसण्याचे वर्षानुवर्षे नाकारले होते. क्राम्स्कोयने त्याचे मन वळवले आणि त्याची दोन चित्रे केली. एक त्रेत्याकोव्हकडे गेले, दुसरे यास्नाया पोल्यानाच्या घरात राहिले. साध्या अंगरख्यातला, सरळ समोर रोखून पाहणारा तो टॉलस्टॉय त्याच वर्षीच्या वसंतात ‘ॲना कॅरेनिना’ लिहू लागलेला होता. म्हणजे चित्रकार लेखकाचा चेहरा वाचत होता तेव्हा लेखकही चित्रकार वाचत होता. कादंबरीत इटलीत राहणारा मिखाइलोव्ह नावाचा रशियन चित्रकार येतो. तिरसट, स्वाभिमानी, श्रीमंतांच्या सहवासात अवघडणारा, ख्रिस्ताचा विषय वर्षानुवर्षे घोळवणारा. त्याच्यात क्राम्स्कोयची छाया समकालीनांनाही दिसली होती. क्राम्स्कोयचे ‘अरण्यातील ख्रिस्त’ १८७२ चे. मिखाइलोव्हचा ख्रिस्त पिलातपुढे उभा आहे. हाच मिखाइलोव्ह कादंबरीत ॲनाचे व्यक्तिचित्र रंगवतो. ज्याच्या नमुन्यावरून हा कल्पित चित्रकार घडला, त्याने दहा वर्षांनी एक अनामिक स्त्री रंगवावी; मग ती ॲनाच असली पाहिजे असे वाचकांना वाटणे स्वाभाविक होते.

या समजुतीला बाह्य तपशिलांचा आधार मिळत नाही. टॉलस्टॉयची ॲना पहिल्यांदा दिसते ती मॉस्कोच्या रेल्वे स्टेशनवर, आणि तेव्हाच तिचे डोळे करडे असल्याचे सांगितले जाते. दाट पापण्यांमुळे ते काळेभोर भासतात एवढेच. अनोळखी स्त्रीचे डोळे खरोखरच काळे आहेत. ॲनाच्या कानशिलांवर आणि मानेवर सुटून येणारे कुरळे केस टॉलस्टॉयने पुश्किनची थोरली मुलगी मारिया हार्टुंग हिच्यावरून घेतले असे मानले जाते. ती त्याला तूला येथील एका समारंभात भेटली होती. क्राम्स्कोयच्या स्त्रीचे केस टोपीखाली चापूनचोपून बसवलेले आहेत. बॉलच्या रात्री ॲना काळ्या मखमलीत येते. तिचा पोशाख केवळ एक चौकट ठरतो. डोळ्यांत भरते ती ॲनाच. अनोळखी स्त्रीचा कोट काढून घेतला तर चित्राचा निम्मा भाग कोसळेल. पण डोळ्यांचा रंग आणि केसांची वळणे यांवर कोणी असे प्रकरण निकालात काढू नये. साम्य आणि भेद यांचा खरा मुद्दा खोलवर आहे.

टॉलस्टॉयने ॲनाची एक नव्हे, तीन व्यक्तिचित्रे कादंबरीत ठेवली आहेत. अभ्यासकांचे लक्ष बहुधा मिखाइलोव्हच्या चित्राकडे जाते. पहिले चित्र सहसा दुर्लक्षित राहते. ते कॅरेनिनच्या अभ्यासिकेत आहे. शर्यतींच्या दिवशी ॲनाने पतीला आपले प्रेमप्रकरण स्पष्ट सांगून टाकले आहे. कॅरेनिन पीटर्सबर्गला परततो, तिला पत्र लिहितो, आणि प्राचीन कोरीव लेखांवरचा एक फ्रेंच ग्रंथ घेऊन आरामखुर्चीत बसतो. खुर्चीच्या वर सोनेरी चौकटीत एका नामांकित चित्रकाराने काढलेले ॲनाचे लंबवर्तुळाकार चित्र आहे. काळी लेस, काळे केस, अंगठ्यांनी भरलेले बोट असलेला गोरा हात, आणि डोळे. त्या रात्री कॅरेनिनला ते डोळे उद्धट वाटतात, आपल्याला हसणारे, आव्हान देणारे. ते त्याला सहन होत नाहीत. तो शहारतो आणि मान वळवतो.

चित्र तेच आहे. आदल्या महिन्यापर्यंत ते त्या घराच्या प्रतिष्ठेचे एक भूषण असणार. रंगाचा एक थेंबही बदललेला नाही. बदलला आहे तो पाहणारा. दुखावलेला, पण दुःख मान्य करण्याची सवय नसलेला हा उच्चपदस्थ अधिकारी आपला अपमान चित्रातल्या डोळ्यांवर लादतो आणि मग तो डोळ्यांतूनच आल्यासारखा मानतो. टॉलस्टॉय यावर काहीही भाष्य करीत नाही. पुढच्याच ओळींत तो कॅरेनिनला कार्यालयीन कागदपत्रांच्या विचारात नेऊन सोडतो, आणि तेथे या माणसाचे मन पुन्हा उत्साहाने चालू लागते. हा विनोद निर्दय आहे.

क्राम्स्कोयचे चित्र या प्रसंगाशेजारी ठेवले की त्याचे कादंबरीतले खरे स्थान लक्षात येते. मिखाइलोव्हच्या चित्राशी त्याचे नाते दूरचे आहे. त्याचे जवळचे नाते या पहिल्या चित्राशी आहे, आणि तेही ते चित्र त्या एका रात्री कॅरेनिनला जसे दिसले त्याच्याशी. किंचित तुच्छता, किंचित आव्हान, सुंदर आणि असह्य अशी नजर. स्तासॉव्हलाही तीच नजर खुपली होती. म्हणून मुखपृष्ठावर ‘अनोळखी स्त्री’ छापणारा प्रकाशक वाचकाच्या हाती नकळत कॅरेनिनची ॲना देत असतो: जिच्या चेहऱ्यावर तिचा गुन्हा आधीच लिहिलेला आहे अशी ॲना. टॉलस्टॉयला आठशे पानांच्या कादंबरीत जो निवाडा सहजासहजी करू द्यायचा नव्हता, तो वाचक दारातच करून आत शिरतो.

दुसरे चित्र व्रॉन्स्कीने काढलेले. इटलीत त्याच्या हाती वेळ आहे आणि इच्छा सरल्या आहेत, म्हणून तो चित्रकार होऊन पाहतो. ॲनाला इटालियन वेशात बसवून फ्रेंच पद्धतीने तो तिचे चित्र सुरू करतो आणि ते सर्वांना छान वाटते. येथे टॉलस्टॉयची दृष्टी फार तीक्ष्ण होते. व्रॉन्स्की जिवंत स्त्रीवरून चित्र काढत नाही. पाहिलेल्या चित्रांवरून काढतो, आणि आपल्या प्रियेला दुसऱ्या कोणाच्या तरी चित्रात बसवतो. मिखाइलोव्हला हा प्रकार इतका किळसवाणा वाटतो की खऱ्या प्रेमिकासमोर कोणी मेणाची बाहुली कुरवाळीत बसावे तशी उपमा त्याच्या मनात येते.

मिखाइलोव्हचे चित्र पाचव्या बैठकीपासूनच सर्वांना चकित करते. साम्य तर त्यात आहेच, शिवाय एक विशेष सौंदर्य आहे. व्रॉन्स्कीला वाटते, हा आत्म्याचा भाव सापडायला तिच्यावर आपल्यासारखे प्रेमच करायला हवे. निवेदक तेथेच हळूच सांगतो की तो भाव व्रॉन्स्कीला या चित्रावरूनच प्रथम कळला होता. एका वाक्यात केवढे अंतर मोजले आहे. जो तिच्या सर्वांत जवळ आहे त्याला ती परक्या माणसाच्या कुंचल्यातून दिसते, आणि ते आपलेच ज्ञान होते असे तो समजतो.

हे चित्र पुढे मॉस्कोत लेविनला दिसते. क्लबातून थोडासा मद्यधुंद होऊन आलेला लेविन दिव्याच्या झोतात भिंतीवरची स्त्री पाहतो आणि हे चित्र आहे हेच विसरतो. तिला जिवंत म्हणवत नाही, ते एवढ्यासाठीच की जिवंत स्त्री इतकी सुंदर असू शकत नाही. इतक्यात ॲना स्वतः आत येते. ती चित्राइतकी दिपवणारी नाही. पण तिच्यात चित्रात नसलेले काही नवे आहे. संभाषणात तिचा चेहरा क्षणोक्षणी पालटतो, आणि एका क्षणी एकाएकी कठोर होऊन जणू दगडाचा होतो. टॉलस्टॉय अगदी स्पष्टपणे नोंदवतो की हा भाव त्या चित्राच्या कक्षेबाहेरचा होता. चित्रकाराने टिपले होते ते आनंदाचे आणि आनंद देणारे भाव. लेविन पुन्हा एकदा चित्राकडे पाहतो, पुन्हा तिच्याकडे पाहतो, आणि त्याच्या मनात जे उमटते ती करुणा असते. त्याचे त्यालाच आश्चर्य वाटते.

येथे एक गंभीर आक्षेप घेता येईल. मिखाइलोव्हने इटलीतली सुखी ॲना रंगवली. मग हा दगडी झालेला चेहरा कोणी रंगवला? क्राम्स्कोयने, असे उत्तर कोणी दिले तर ते सहज उडवून लावता येणार नाही. या आक्षेपाला कादंबरीतच आणखी दोन आधार आहेत. व्रॉन्स्कीच्या गावच्या घरी डॉलीला ॲनाची एक नवी लकब जाणवते: आयुष्यातल्या नाजूक गोष्टी निघाल्या की ती डोळे बारीक करते. अनोळखी स्त्रीच्या अर्ध्या मिटल्या पापण्या पाहताना डॉलीची ही नोंद आठवल्याखेरीज राहत नाही. दुसरा आधार पीटर्सबर्गच्या नाट्यगृहातला. बहिष्कृत झालेली ॲना हट्टाने तेथे जाते, शेजारच्या बॉक्समधून तिचा उघड अपमान होतो, आणि ती शांत, सुंदर, ताठ बसून राहते. तिचे प्रकरण ठाऊक नसलेल्या कोणाही प्रेक्षकाने त्या शांतपणाचे आणि सौंदर्याचे कौतुकच केले असते. चव्हाट्यावर खांबाला बांधलेल्या माणसाची अवस्था ती भोगत आहे, हे त्याला कळलेही नसते. राजमार्गावर, लोकांच्या नजरांसमोर, ताठ मानेने बसलेली अनोळखी स्त्री ही त्या बॉक्समधली ॲना आहे असे म्हणण्याचा मोह येथे सर्वांत प्रबळ होतो.

तरीही दोन्ही ठिकाणी एक फरक उरतो, आणि तोच निर्णायक आहे. डॉलीला जाणवते ते असे की ॲना स्वतःच्या आयुष्याकडेच डोळे किलकिले करून पाहते आहे, सगळे दिसू नये म्हणून. त्या पापण्या आतल्या भयाने मिटतात. क्राम्स्कोयच्या स्त्रीच्या पापण्या झुकल्या आहेत त्या खाली उभ्या असलेल्या माणसाकडे पाहण्यासाठी. एकीला काही पाहायचे नाही. दुसरी पाहते आहे आणि मोजते आहे. नाट्यगृहाच्या प्रसंगातही टॉलस्टॉय वाचकाला अनभिज्ञ प्रेक्षकाच्या जागेवरून उठवून आत नेतो. क्राम्स्कोय पाहणाऱ्याला रस्त्यावरच उभा ठेवतो. अनोळखीच्या चेहऱ्यामागे वेदना नसेलच असे नाही. काही जाणकारांना तिच्या डोळ्यांत ओल दिसली आहे. पण ती असली तरी चित्राच्या पुढे उभे राहणाऱ्याला तेथवर जाण्याची वाट ठेवलेली नाही, आणि या वाट न ठेवण्यातच चित्राची कलात्मक शिस्त आहे.

यात क्राम्स्कोयचा दोष काढण्याचे कारण नाही. १८६३ साली कला-अकादमीने लादलेला पौराणिक विषय नाकारून तेरा सोबत्यांसह बाहेर पडलेला हा माणूस होता. दुसऱ्याने दिलेल्या कथेला चित्र पुरवण्याचे काम त्याने आयुष्याच्या आरंभीच फेटाळले होते. याच काळात आपल्याकडे राजा रविवर्मा शकुंतला, दमयंती, द्रौपदी यांना चेहरे देत होता. १८९४ मध्ये मुंबईत निघालेल्या त्याच्या छापखान्यातून ते चेहरे घरोघरी पोचले. पण रविवर्म्याच्या चित्राला नाव आहे आणि प्रसंगही आहे. पायातला काटा काढण्याच्या मिषाने मागे वळून पाहणारी शकुंतला कोठून आली आणि कोठे जाणार हे प्रेक्षकाला ठाऊक असते. चित्र थांबले तरी कालिदासाचे नाटक त्याच्या मनात पुढे चालू राहते. ‘अनोळखी स्त्री’ला ना मागचा क्षण आहे ना पुढचा. क्राम्स्कोयने जाणूनबुजून तो नाकारला. त्याने केलेले या चित्राचे एक अभ्यासचित्र प्रागमधल्या खाजगी संग्रहात आहे. त्यातला चेहरा अधिक राकट, अधिक उद्दाम आहे. अंतिम चित्रात त्याने ती स्पष्टताही पुसली आणि एक कोडे शिल्लक ठेवले. वाचकांनी त्या कोड्याला नाव दिले ते रिकामी जागा सोसवत नाही म्हणून.

टॉलस्टॉयच्या ॲनाला तर रिकामी जागा म्हणून नाहीच. तिचा चेहरा सतत कोणीतरी पाहत असतो आणि प्रत्येकाला तो वेगळा दिसतो. स्टेशनवर व्रॉन्स्कीला त्यात आवरून धरलेला उत्साह दिसतो, बॉलच्या रात्री किटीला त्याच मोहकतेत काहीतरी भयंकर आणि निष्ठुर जाणवते, कॅरेनिनला औद्धत्य, लेविनला सत्य आणि दुःख. घरी परतलेल्या लेविनच्या चमकत्या डोळ्यांत किटीला पुन्हा त्या बाईची मोहिनी दिसते आणि ती रडू लागते. कोणाचेही पाहणे सर्वस्वी खोटे नाही. लेविनने आपल्यावर भाळावे असा प्रयत्न ॲनाने त्या संध्याकाळी केला होता, हे निवेदक लपवीत नाही. चेहरा स्थिर नसणे हाच या व्यक्तिरेखेचा रूपबंध आहे, आणि म्हणून कोणतेही एक चित्र, मिखाइलोव्हचेसुद्धा, तिच्यावर पुरे पडत नाही.

चेहरा एकदाच स्थिर होतो. १८७२ च्या जानेवारीत यास्नाया पोल्यानाच्या एका शेजाऱ्याच्या घरची आना पिरोगोव्हा नावाची स्त्री त्याने अव्हेरल्यावर यासेन्की स्टेशनात मालगाडीखाली गेली होती, आणि टॉलस्टॉयने तिचे छिन्नविच्छिन्न प्रेत जाऊन पाहिले होते. कादंबरीच्या आठव्या भागात, युद्धावर निघालेला व्रॉन्स्की स्टेशनवर फेऱ्या घालीत असताना रेल्वेच्या शेडमधले ते टेबल त्याच्या डोळ्यांपुढे येते. देह चिरडलेला, मस्तक मात्र शाबूत. जड वेण्या, कानशिलांवरचे कुरळे केस, ओठांवर करुण असे काहीतरी, आणि न मिटलेल्या डोळ्यांत भयंकर असे काहीतरी. तो तिला पहिल्या भेटीतल्या रूपात आठवू पाहतो. तीही एका स्टेशनवरच भेटली होती. ते रूप त्याला येत नाही. मिखाइलोव्हचे चित्र त्याच्याच मालकीचे आहे, पण त्या क्षणी व्रॉन्स्कीला त्याची आठवणही होत नाही.